स्कूटरवर चादर पडली ते दिवस

परवा आमचा नातू पेट्रोल भरून घरी आला, हेल्मेट सोफ्यावर आपटलं आणि म्हणाला, "आजी, गाडी विकून टाकतो बघ. चालतच फिरायचं आता. परवडत नाही." मी म्हटलं, "फिर की! पाय काय शोभेला दिलेत व्हय?" तो नुसता हसला. त्याला कुठं चालायचंय! समोरून कोथिंबिरीची जुडी आण म्हटलं तरी हा आधी किल्ली शोधतो. आणखी दोन शब्द सुनावणार होते, तोंड उघडलंही होतं, पण माझंच लक्ष उडालं. ते चालायचं त्यानं वैतागून म्हटलेलं. माझे गुडघे गेले आता. गेल्या दिवाळीपासून देवळापर्यंत जायलासुद्धा रिक्षा लागते. आणि कधी काळी मी याच शहरातून रोज पाऊण तास जाताना नि पाऊण तास येताना चालत होते, अप्पांच्या शेजारून, आणि देवाकडं मागणं काय, तर पेट्रोल असंच महाग राहू दे. हसाल तुम्ही. पण त्या वर्षी अख्ख्या सोलापुरात पेट्रोल स्वस्त होऊ नये म्हणून सिद्धेश्वराला हात जोडणारी मी एकटीच असेन.

आम्ही तेव्हा बाळीवेशीत राहायचो. भाड्याचं घर, रस्त्याला लागून दगडी कट्टा, मग एक लांबट खोली, आत स्वयंपाकघर. पुढच्या खोलीतली निम्मी जागा स्कूटरची. अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी मोजणीदार होते. गावोगाव जाऊन शेतं मोजायची, बांध दाखवून द्यायचे, दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून येत असले तरी साखळी धरून मधे उभं राहायचं, हे त्यांचं काम. मूळचे वळसंगचे. घरची जमीन भावांच्या हवाली करून शहरात आलेले. स्कूटर त्यांना नंबर लावून लई वर्षांनी मिळाली होती आणि तिचे लाड आमच्यापेक्षा जास्त होते. गावाकडं आमच्यात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. अप्पांनी शहरात आल्यावर तो नेम स्कूटरला लावला. सोमवारी तिला अंघोळ घालायची, दिव्याच्या वर विभूतीची तीन बोटं ओढायची आणि आपण सिटी बसला लटकत कचेरीत जायचं. अव्वा, म्हणजे आई, चूल फुंकता फुंकता म्हणायची, "दूध देत न्हाई एवढंच. बाकी गोठाच की हा."

अव्वा दिवसभर मराठीच बोलायची. कानडी तिच्या तोंडात यायची ती रागात, नाहीतर मायेत. सकाळी गिरणीचा पहिला भोंगा झाला की ती भाकऱ्या थापायला बसायची, आणि दुसरा भोंगा झाला की उखळात शेंगाची चटणी कुटायला. शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. सुरुवातीला मुसळाचा आवाज कोरडा यायचा आणि तेल सुटायला लागलं की तो बदलायचा, जड व्हायचा. तो आवाज बदलला की मी अंथरुणातून उठायची, कारण त्यानंतर झोपलं तर पाठीत धपाटा ठरलेला. आज मिक्सरमधली चटणी खाते मी, सून प्रेमानं करते, काही म्हणत नाही. पण त्या चटणीत आधी आवाज होता हो. जेवायच्या वेळी अव्वा भिंतीशी उभे केलेले पाट मांडायची. चार मांडायची. मग एक उचलून परत भिंतीला लावायची, जणू चुकून हात गेला. आम्ही तिघंही त्या पाटाकडं बघायचं टाळायचो.

चौथा पाट अक्काचा. माझी थोरली बहीण, महादेवी. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. माझी वेणी तीच घालायची, इतकी घट्ट की शाळेत मास्तरीण बाई म्हणायच्या, "गिरिजा, डोळे का वटारतेस?" शिवणाच्या क्लासला जाता जाता तिचं अंबादासशी जमलं. तो साखर पेठेतला, तेलुगू बोलणारा, विणकरांच्या घरचा. घरीच माग, बाप विणायचा, हा विणायचा. माणूस निर्व्यसनी, मान खाली घालून बोलणारा. पण आमची जात वेगळी, त्यांची वेगळी, भाषा वेगळी, आणि आमच्या अप्पांना अख्खं वळसंग ओळखत होतं. अक्का एक दिवस क्लासला गेली ती लग्न करूनच थांबली. अप्पा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. भाकरीचा घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "तिचं नाव ह्या घरात निघायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी स्कूटर काढली. त्या दिवसापासून स्कूटर कधी साखर पेठेच्या अंगाला वळली नाही. वर्ष उलटून गेलं. मी अक्काला पाहिलं नव्हतं. माझी वेणी आता अव्वा घालायची, सैल.

आणि मग कुठंतरी लांब, अरबांच्या देशांत लढाई लागली आणि इथं बाळीवेशीत आमच्या स्कूटरला घरघर लागली. पेट्रोल एका झटक्यात असं भडकलं की कट्ट्या-कट्ट्यावर दुसरा विषय नाही. अप्पांनी चार दिवस पेपर वाचला, पाचव्या दिवशी कपाटातली जुनी, कडा विरलेली चादर काढली, झटकली आणि स्कूटरवर पांघरली. चारी कोपरे नीट खाली ओढले. म्हणाले, "आता हिला रोजच सोमवार." बसला तर अशी गर्दी उसळली होती की एक दिवस जाऊन आले ते शर्टाचं बटण आणि डब्याचं झाकण हरवून. तेव्हा ठरलं, चालायचं. कचेरी सात रस्त्याला, माझी शाळाही त्याच बाजूला. पूर्वी स्कूटरवर मागं बसून जायची मी. आता चालत.

पहिले दोन दिवस पोटऱ्या अशा दुखल्या की मी रडले. तिसऱ्या दिवसापासून मजा यायला लागली. स्कूटरवर मला अप्पांची फक्त पाठ दिसायची आणि शर्टाच्या कॉलरवरची घामाची रेघ. चालताना तोंड दिसायला लागलं. हा माणूस बोलतो हेच मला नवीन होतं! घरात 'पाणी आण', 'दिवा लाव' याच्या पुढं न जाणारे अप्पा टिळक चौक ओलांडला की मोकळे व्हायचे. लहानपणी शाळेला अनवाणी कसे जायचे, शेणकुटं गोळा करताना विंचू कसा चावला, मोजणीला गेल्यावर बांध सरकवलेला कसा ओळखायचा. आणि पावलांचं. अप्पांचं पाऊल अडीच फुटांचं होतं, कमी नाही, जास्त नाही. नोकरीला लागले तेव्हा साहेबानं त्यांना जमिनीवर पसरलेल्या साखळीच्या बाजूनं महिनाभर चालायला लावलं होतं, पाऊल बसेपर्यंत. तेव्हापासून ते जिथं जातील तिथं मनात मोजायचे. लग्नाच्या वरातीत मोजायचे, मयताला खांदा दिला तरी मोजायचे. "सवयच ती. बंद करायला गेलं तर पाय अडखळतो," म्हणाले. घर ते कचेरी तीन हजार दोनशे चाळीस पावलं. त्यांनी मलाही मोजायला शिकवलं. दर शंभराला एक बोट मिटायचं. माझी पावलं चार हजारांवर जायची आणि मला हरल्यासारखं वाटायचं. अप्पा म्हणायचे, "तुझं पाऊल अजून वाढतंय. घाई काय?"

दहा-बारा दिवस झाले असतील. एका सकाळी टिळक चौकाकडं वळायच्या ऐवजी अप्पा डाव्या अंगाला वळले. मी म्हटलं, "अप्पा, कुटं?" म्हणाले, "हिकडनं सावली हाय." थंडीचे दिवस ते! सकाळच्या उन्हाला लोक कट्ट्यावर येऊन बसत होते, आणि यांना सावली हवी. मी मागून गेले. कन्ना चौक मागं पडला तशी मागांची खडखड ऐकू यायला लागली. घराघरातून, एकात एक मिसळलेली, आणि मधेच तेलुगूत कुणीतरी कुणाला तरी रागवत होतं. सूत आणि रंगाचा वास.  एका बोळात शिरलो. डाव्या हाताला निळ्या दाराचं बैठं घर, कट्ट्यावर एक बाई चरख्यावर कांड्या भरत बसलेली. मान खाली. हात चालू. मी तिला हातांवरून ओळखलं.

अप्पा नजर समोर ठेवून चालत होते. मान एवढीसुद्धा वळवली नाही. अक्कानं वर पाहिलं, आणि भूत दिसावं तशी उठली, चरख्याचा दोरा तुटला, ती पदर सावरत आत पळाली. आम्ही पुढं गेलो. विजापूर वेस आली, तळ्याचा काठ आला. कचेरीच्या फाटकाशी मी म्हटलं, "अप्पा, ह्या रस्त्यानं नऊशे पावलं जास्त भरली." अप्पा म्हणाले, "तुझी चुकली असतील मोजताना." मोजणीदार खोटं बोलला की त्याच्या कपाळावर आठी पडते हे मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी परत त्याच बोळातून. आणि दुसऱ्या दिवशी परत.

तिसऱ्या दिवशी अक्का पळाली नाही. उभी राहिली दाराला धरून. कट्ट्यावर तांब्या ठेवला होता, वर वाटी, वाटीत गुळाचा खडा. दारावरनं चालत जाणाऱ्याला गूळ-पाणी द्यायचं हे अव्वाचं वळण. उन्हातान्हातला कुणीही असो, आमच्या कट्ट्यावरनं कोरड्या तोंडानं गेला नाही. अक्का ते त्या घरी घेऊन गेली होती. अप्पा तांब्याकडं न बघता पुढं गेले. पण मी मोजत होते ना! त्या निळ्या दारापुढं त्यांची अडीच फुटांची पावलं दोन फुटांची झाली. तेरा पावलांची जागा, तिथं सोळा लागली. आणि मला दिसलं ते त्यांनाही दिसलं असणार. अक्काचं पोट पुढं आलं होतं.

त्या संध्याकाळी मी अव्वाच्या कानात सांगितलं. तिचा पिठाचा हात तसाच परातीत राहिला. "कितवा म्हैना?" एवढंच विचारलं. मला काय कळतंय कितवा ते! मग तिनं मला कधी न विचारलेले प्रश्न विचारले, तोंड कसं दिसतंय, पाय सुजलेत का, केसांना तेल असतं का. रात्री जेवताना चार पाट मांडले आणि चौथा उचलायला विसरली. अप्पा त्या पाटाकडं बघत जेवले.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दप्तरात जास्तीचं एक फडकं यायला लागलं. कधी चटणी, कधी शेंगाच्या पोळ्या, कधी चिंच-गुळाची गोळी. द्यायचं कसं? तर बोळाच्या कोपऱ्यावर शिदाप्पा नावाचे एक म्हातारे चपला शिवायला बसायचे. अप्पांच्या चपलेचा अंगठा तिथं बरोबर रोज तुटायला लागला. "गिरे, तू हो पुढं. मी एवढा अंगठा लावून येतो." मी धावत जायची, फडकं अक्काच्या हातात कोंबायची, गूळ-पाणी प्यायची, तिच्या कुशीत डोकं घालायची. ती सुताचा वास असलेल्या हातांनी माझी सैल वेणी सोडून परत घट्ट घालायची, आणि विचारायची, "अप्पा काय म्हणाले?" रोज तेच. मी म्हणायची, "काय न्हाई." एकदा मी मागं वळून पाहिलं तर शिदाप्पा चपलेचा चांगला धड असलेला अंगठा हातात धरून नुसतेच बसले होते आणि अप्पा त्यांना पावसापाण्याचं विचारत होते.

असे किती दिवस गेले मोजले नाहीत, पावलं तेवढी मोजली. आयुष्यात पुढं मी चाळीस वर्षं पोरींना भूगोल शिकवला, नद्या शिकवल्या, डोंगर शिकवले. पण नकाशावर बोट ठेवून जागा सांगावी तसा मला आजही तो अख्खा रस्ता सांगता येतो, कुठल्या दारात तुळस, कुठल्या दारात कुत्रं. आता तिथं माग थोडेच राहिलेत म्हणतात. मी पाहायला गेले नाही.

उन्हाळा तोंडावर आला आणि एक दिवस शेजारचे कल्लाप्पाकाका आनंदानं सांगत आले, "साहेब, झालं! सरकारनं महागाई भत्ता वाढवला की तुमचा. आता काढा चादर."  कल्लाप्पाकाका गाड्या दुरुस्त करायचे, त्यांना झाकलेली गाडी बघवायची नाही. त्यांनीच पुढं होऊन चादर ओढली. अप्पांनी किक मारली. एक, दोन, दहा. गाडी ढिम्म. काका म्हणाले, "आणा दुकानात, बघतो." अप्पा म्हणाले, "बघू. घाई न्हाई." आणि चादर परत पांघरली. मी देव्हाऱ्यापुढं जाऊन साष्टांग नमस्कार घातला.

चार दिवसांनी अप्पांचा कोट खुंटीला लावताना खिशात काहीतरी जड लागलं. रुमालात गुंडाळलेलं. सोडून पाहिलं तर स्कूटरचा प्लग. पुसून लख्ख केलेला. मी तशीच अव्वाकडं पळाले. तिनं बघितलं न बघितलं केलं आणि म्हणाली, "हुता तितं ठेव. आन् तोंडाला कुलूप लाव." तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! त्या कोटाच्या खिशाला हात लावून बघायची मग मी रोज, प्लग आहे ना, आणि निवांत झोपायची.

हे असंच चालू राहिलं असतं. मोडलं ते मी. माझ्या या तोंडानं.

अक्काला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्यातलीही रीत आणि त्यांच्यातलीही. तिच्या सासूनं तिची ओटी भरली होती, गाठोडंही बांधून ठेवलं होतं, पण न्यायला कोण येणार? त्या दिवशी वेणी घालता घालता अक्का थांबली. म्हणाली, "गिरे, अप्पांना विचारशील? मला न्हेतील का म्हनून? एवढंच विचार. न्हाई म्हनाले तर मी परत विचारनार न्हाई." आणि ती रडायला लागली, आवाज न करता, एक हात पोटावर ठेवून. माझं डोकंच फिरलं. मी तरातरा कोपऱ्यावर आले. अप्पा शिदाप्पांपुढं उकिडवे बसलेले, धड चप्पल हातात. मी म्हटलं, "अप्पा, अक्काला घरी न्यायचं हाय. सातवा लागलाय." अप्पा म्हणाले, "चल, उशीर हुतोय." बस्. एवढंच. मग मला काही सुधरलं नाही. भर बोळात, माग थांबतील एवढ्या मोठ्यानं मी ओरडले, "रोज नऊशे पावलं जास्त चालता ते कशाला मग? चपलेला काय झालंय? आन् प्लग तुमच्या कोटाच्या खिशात हाय, स्कूटर बंद न्हाई! मला समदं ठाऊक हाय!"

दारादारांतून माणसं बाहेर आली. अक्काची सासू कट्ट्यावर आली. अक्का दारात. अप्पांनी हळूच चप्पल खाली ठेवली, पाय घातला आणि चालायला लागले. मागं मी. कुठंच पाऊल तोकडं झालं नाही त्या दिवशी. बरोबर अडीच फूट, थेट कचेरीच्या फाटकापर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चटणी कुटायच्या आधी स्कूटरचा आवाज घरात घुमला. चादर घडी करून कपाटात गेली होती. अप्पा म्हणाले, "बस मागं." मी म्हटलं, "मी चालत जाईन." ते म्हणाले, "तुझी मर्जी," आणि टिळक चौकाकडून निघून गेले. पुढचे पंधरा-वीस दिवस मी एकटी चालले. लाज वाटायची, राग यायचा, आणि सगळ्यात जास्त अप्पांची आठवण यायची, घरातच असलेल्या माणसाची. शंभर झाले की बोट मिटायचं आणि सांगायला शेजारी कुणी नाही. बोळात अक्का उभी असायची. माझ्या मागं बघायची. मी पहिल्याच दिवशी थाप मारली, "अप्पा मोजणीला गेलेत. वळसंगला. लई दिवस लागतील म्हनाले." ती म्हणाली, "उन्हात टोपी घालतात न्हवं?" मी मान हलवली. गुळाचा खडा तसाच मुठीत धरून निघाले. अव्वा मला रागवली नाही, हे आणखी वाईट. चौथा पाट ती आता मांडतच नव्हती.

आणि एक दिवस संध्याकाळी, शाळेतून येऊन मी कट्ट्यावर बसले होते. अप्पांची यायची वेळ होऊन गेली. दिवेलागण झाली. अव्वा दोनदा बाहेर येऊन गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा रस्त्याच्या टोकाला स्कूटर दिसली, पण आवाज नव्हता. अप्पा तिला हँडल धरून हातानं ढकलत आणत होते. कोट घामानं भिजलेला. सीटवर एक गाठोडं, ते पडू नये म्हणून मागून हात लावून चालणारा अंबादास, मान खाली. आणि अप्पांच्या डाव्या बाजूला, एक हात कमरेवर ठेवून, सावकाश, अक्का.

गल्ली सगळी कट्ट्यावर. कल्लाप्पाकाका धावत पुढं गेले. "काय साहेब, परत बंद पडली? सोमवार बी न्हाई आज!"

"न्हाई, चालू हाय," अप्पा म्हणाले. "टाकी भरल्याली हाय. रस्त्यानं खड्डे लई. पोरीला धक्के बसतात."

मागून कळलं ते असं. शिदाप्पांनी भर रस्त्यात त्यांची स्कूटर अडवली होती, कचेरीच्या फाटकाशी. तो म्हातारा आपली पेटी बंद करून तेवढ्यासाठी साखर पेठेतून सात रस्त्यापर्यंत चालत गेला. म्हणाला, "साहेब, मोजणी झाली का वळसंगची? तुमची लेक रोज दोन्ही येळंला माझ्या कोपऱ्यापर्यंत येऊन रस्ता बघून माघारी जाते. तिला चालवत न्हाई आता. काय ते सांगून टाका तिला." अप्पांनी तिथूनच स्कूटर वळवली. ती बोळाच्या तोंडाशी उभी केली आणि तेरा पावलांच्या त्या जागेत पहिल्यांदा थांबले. काय बोलले ते अक्कानं मला कधी सांगितलं नाही. मी पुष्कळ खोदून विचारलं, म्हातारपणीसुद्धा विचारलं. ती म्हणायची, "आमचं हाय ते. तुला कशाला?" आता ती नाही, अप्पा-अव्वा तर कधीचेच नाहीत, आणि ते विचारायला कुठलंच दार उरलं नाही.

अव्वानं भाकरतुकडा ओवाळून टाकला. निम्मं पाणी माझ्याच अंगावर सांडलं. "बा मगळे, बा," ये पोरी, ये, असं कानडीत म्हणत तिनं अक्काला छातीशी धरलं, आणि मग दारातच अडखळून उभ्या असलेल्या अंबादासला म्हणाली, "तुमी बी या की आत. उंबऱ्यानं काय पाप केलंय?" मी पळत जाऊन तांब्या आणि गुळाची वाटी आणली. अक्काच्या हातात दिली, दमलेली ती होती. पण तिनं खडा उचलला आणि कट्ट्यावर टेकलेल्या अप्पांपुढं धरला. "अप्पा, आदी तुमी."

तीन महिने रोज दोनदा त्या तांब्यावरून गेलेले अप्पा. त्यांनी गूळ तोंडात टाकला, तांब्या वर धरला आणि अख्खा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून कोटावर ओघळत होतं तरी तांब्या खाली आणला नाही. आम्हाला त्यांचं तोंड दिसू नये म्हणून.

माझी जीभ कुठली गप्प बसते! कितीतरी दिवसांनी मी त्यांच्या शेजारी बसले होते, आणि मला दुसरं काय बोलायचं सुचणार? मी विचारलं, "अप्पा, किती भरली पावलं?"

अप्पांनी तांब्या खाली ठेवला. आत स्वयंपाकघरात अव्वा पाट मांडत होती, त्याचा आवाज येत होता. 

"मोजली न्हाईत गं," म्हणाले. "ती दमत हुती. थांबली की मी थांबत हुतो."